टेस्टारोसा कोणत्या देशासाठी बनली?

फौजेत एक सवय लागते: हत्यार हातात आलं की आधी नंबर वाचायचा. जुनी गाडी पारखतानाही तेच करा.

1984 साली आलेली फेरारी टेस्टारोसा घ्या. चॅसिस नंबर 17 अक्षरांचा. सुरुवातीचं झेडएफएफ म्हणजे इटलीची फेरारी. मग आठवं अक्षर पाहा. ए असेल तर गाडी अमेरिकेसाठी, बी युरोपसाठी, सी ब्रिटनसाठी, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे.

आता गाडीशी ताळा करा. अमेरिकन गाडीला बाजूंना मार्कर दिवे, स्पीडोमीटर मैलांत. पण दिवे काढता येतात, मीटर बदलता येतं. नुसत्या दिसण्यावर पैसे मोजू नका. चॅसिसवरचा नंबर कागदांशी अक्षर न् अक्षर जुळला, तरच सौदा.

जय हिंद.