यमुनेचे मुंबईतील बिऱ्हाड

सामान्य स्त्रीच्या आयुष्याला कादंबरीत महत्त्व कसे प्राप्त होते, या प्रश्नाचा मराठीत विचार करायचा तर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आणि प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, या कादंबरीचा गाभा आजवर बहुधा चुकीच्या प्रकरणात शोधला गेला आहे. कथानक सांगण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण नायिका यमुना, तिचा नवरा रघुनाथराव, मैत्रीण दुर्गी आणि सासरचे शंकरमामंजी या सभागृहाला परके नाहीत.

1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आधी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले होते आणि त्याही नायिकेचे नाव यमुनाच होते. मात्र ती यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते, ऐकते, आणि लेखकाला जे पटवायचे आहे त्याची साक्षीदार होते. आपट्यांनी निवेदनच यमुनेच्या हाती दिले. अशा रचनेला आत्मनिवेदनात्मक कादंबरी म्हणतात, म्हणजे जिच्यात मुख्य पात्र स्वतःची हकीकत स्वतःच सांगते. येथे तिचा परिणाम असा की माजघरातले बोलणे, जे कुणी टिपून ठेवण्याजोगे मानले नव्हते, ते आपल्या लयीसकट छापून आले.

यमुना म्हटले की वाचकाला आठवते ते केशवपन, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर विधवेच्या डोक्यावरील केस काढून टाकण्याची रूढी. मागच्या रांगेतून आलेला ‘मग त्याचे महत्त्व नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्या प्रसंगाची भीषणता कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु त्या प्रसंगाने किती मोठे आयुष्य मोडले, हे वाचकाला कळते ते त्याआधीच्या मुंबईच्या प्रकरणांमुळे. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी उघड बोलण्याची चोरी असलेल्या घरातून आलेली मुलगी मुंबईत स्वतःचे बिऱ्हाड मांडते, नवऱ्याच्या उत्तेजनाने वाचनात रमते, त्याच्याशी चार गोष्टी मोकळेपणाने बोलते. यात घडते असे काहीच नाही, आणि आपट्यांची थोरवी अशी की त्यांनी या काहीच न घडण्याला पानेच्या पाने दिली. हे सुख नसते तर यमुना केवळ रूढीचा बळी ठरली असती. ते आहे म्हणून ती व्यक्ती होते.

केशवपनाचा विषय निघालाच आहे तर त्याच 1890 सालातील आणखी एक घटना सांगितलीच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार तेथे झाला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, ज्यांचे पोट त्या धंद्यावर होते आणि ज्यांना शास्त्राचा अर्थ कुणी विचारला नव्हता, त्यांनी हा नकार दिला. वाड्यातले विद्वान वाद घालीत असताना सामान्य माणसांनी केलेली ही कृती मराठी कादंबरीत ठसठशीतपणे यायला हवी होती, ही खंत आजही बोलून दाखवणे आवश्यक आहे. यमुनेचे जग पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे, हा आक्षेप म्हणूनच मान्य करावा लागतो; 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा संताप त्या उंबरठ्याच्या बाहेरून आलेला होता.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, तेव्हा दुर्गीचा विचार, जो खरे तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, येथे सोडून द्यावा लागत आहे. एवढेच नमूद करणे भाग आहे की 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या आणि आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी कादंबरीकाराच्या मध्यस्थीवाचून स्वतःच सांगितली. त्या पुस्तकाचे नाव ‘माझे पुराण’.