आधी पंचवीस, मग तीन हजार

(मंडळाच्या गृहोद्योग विभागाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करावयाचे म्हटले की माझ्या हाताला घाम सुटतो. भाजणीचे प्रमाण विचारा, मी झोपेतही सांगेन. पण चिटणीसबाईंनी बजावले, "तुमच्या हातून जी चूक झाली तीच सांगा, तिचा सर्वांना उपयोग होईल." चूक केल्याबद्दल भाषणाचे आमंत्रण मिळालेली ह्या मंडळातील मी पहिलीच असेन!

२०२४ च्या दिवाळीपूर्वी आपण चटणी, मेतकूट आणि लोणचे ह्यांच्या बरण्यांसाठी ३,००० लेबले छापून घेतली. त्यांवर दोन क्यूआर कोड होते. एक पैसे देण्यासाठी, म्हणजे बरणी घरपोच गेली तरी गिऱ्हाइकाने तिच्यावरूनच पैसे धाडावेत. आणि दुसरा मंडळाची माहिती वाचण्यासाठी. गर्द मरून रंगावर सोनेरी कोड, मध्यभागी मंडळाची समई. पैठणीच्या काठासारखे दिसते म्हणून मीच ते पसंत केले होते. छापखान्यातील संगणकाच्या पडद्यावर माझ्या फोनने तो कोड पटकन वाचला. "एक छापून बरणीवर चिकटवून पाहू या का?" असे अगदी ओठावर आले होते, परंतु ते गृहस्थ घाईत होते, आणि बायकांना उगीच शंका फार, असे त्यांना वाटेल म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची किंमत आपण सर्वांनी मोजली.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी गिऱ्हाईक येई, बरणी हातात घेई, फोन जवळ नेई, लांब नेई, बरणी तिरकी करी. डोक्यावरच्या दिव्याची तिरीप सोनेरी शाईवर पडून नुसता चकचकाट होई. मग "राहू द्या, परत येताना नेते," असे म्हणून बरणी खाली ठेवली जाई. परत येताना कोणी नेत नाही, हे आपण सर्व जणी जाणतोच. निम्म्याहून अधिक माल घरी आला. चटणी कुटणाऱ्या आपल्या एका भगिनीचे पैसे त्या विक्रीतूनच द्यावयाचे होते. ते पंधरा दिवस उशिरा गेले. तिने एका शब्दाने विचारले नाही. मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी तिने शेजारणीकडून उसने घेतले होते, हे मला पुढे तिसऱ्याच तोंडून कळले. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी भाच्याला बसवून घेतले आणि हे प्रकरण मुळापासून समजून घेतले. हा कोड जपानात १९९४ साली निघाला. डेन्सो ह्या कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. ही एक ठिपक्यांची रांगोळीच समजा. लहानांत लहान कोडात एका रांगेत २१ चौकोन असतात, मोठ्यांत मोठ्या कोडात १७७. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात ते त्याचे डोळे. त्यांतून आडवी रेघ ओढली की काळे-पांढरे पट्टे एकास एक, तीन, एक, एक अशा प्रमाणात येतात. हे प्रमाण इतर छपाईत फारसे आढळत नाही, हे त्या लोकांनी मासिके, जाहिराती, पुठ्ठ्याची खोकी पाहून ठरविले. म्हणून फोनला गर्दीतही कोड हुडकता येतो.

पण त्यासाठी भोवती कोरा समास हवा. चारी बाजूंनी निदान चार चौकोनांएवढा. आमच्या लेबलावर वेलबुट्टी थेट कोडाला भिडली होती. फोन गडद चौकोन फिक्या जमिनीवर शोधतो. आम्ही जमीन गडद आणि चौकोन फिके केले होते. पुष्कळ नव्या फोनना ते चालते, जुन्यांपैकी कित्येकांना चालत नाही. समईचेही तसेच. कोडाचा काही भाग झाकला वा खरचटला तरी तो वाचता यावा अशी सोय त्यात असते, तिच्या चार पायऱ्या आहेत: सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. आमचा कोड पहिल्या पायरीचा, आणि त्याच्या ऐन मध्यावर ही एवढी समई! वरची पायरी घेतली तर चौकोन वाढतात आणि तेवढ्याच जागेत बारीक होतात, म्हणून कोडही मोठा करावा लागतो. आमचा जेमतेम सव्वा सेंटिमीटर होता, आणि तोही बरणीच्या गोलाईवर वळलेला.

इतके कळल्यावर आम्ही पांढऱ्यावर काळे, अडीच सेंटिमीटरचे, चिकटवावयाचे कागद छापून घेतले. ते सर्व फोनांनी वाचले. मला वाटले, सुटलो. परंतु आठच दिवसांनी आपल्या माजी खजिनदार काकूंचा बंगळूरहून फोन आला, "अगं, माझ्या खात्यात चटणीचे पैसे का येताहेत?" कोड जुन्या फायलीतून उचलला होता. पैशाच्या कोडात खात्याची खूण लिहिलेली असते, आणि ती अजून काकूंची होती! काकूंनी प्रत्येक रक्कम वहीत टिपून पै न पै परत पाठविली. दुसऱ्या कोणाकडे ते पैसे गेले असते तर आज मी इथे उभी राहिले नसते. कोड वाचला गेला म्हणजे तो बरोबर आहे, असे मुळीच नव्हे.

माहितीच्या कोडाचे दुखणे आणखी निराळे. तो एका फुकट सोयीवर बनविला होता. त्यात आपला पत्ता थेट नव्हता. त्यांच्या पत्त्यावरून पुढे आपल्याकडे रस्ता वळविलेला होता. मुदत संपली आणि तिथे कसलीशी जाहिरात उघडू लागली. आता कोड करून घेताना मी पहिल्यांदा हेच विचारते: पत्ता थेट आहे ना?

आता आम्ही काय करतो ते सांगते. छापखान्याला आधी २५ प्रती मागतो, त्याच कागदावर, त्याच शाईने. खर्च वेगळा पडतो, तो देतो. त्या खऱ्या बरणीवर चिकटवितो. मग सूनबाईचा नवा फोन, माझा मधला आणि जाऊबाईंचा तडा गेलेल्या काचेचा, असे तिन्ही लावून पाहतो. उन्हात, नळीच्या दिव्याखाली, संध्याकाळी अंगणात, एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीतून, आणि लोणच्याचे तेल लागलेले लेबल पुसून. कोड ज्या लांबीवरून वाचावयाचा, तिच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी त्याची रुंदी असावी, असा अंदाज धरतो. म्हणून दुकानापुढच्या फलकाला बरणीचा कोड चालत नाही. शेवटी प्रत्यक्ष एक रुपया पाठवितो. पाठविण्यापूर्वी फोन ज्याचे नाव दाखवितो ते मोठ्याने वाचतो, आणि रुपया मंडळाच्या खात्यात जमा झालेला पाहिल्याशिवाय छापण्यास होकार देत नाही. हे सारे अर्ध्या तासाचे काम आहे. तपासणाऱ्यांत लेबल आधी न पाहिलेली एक तरी बाई असते. आम्हांला कुठे काय धरावे हे ठाऊक असते, तिला नसते. दोन कोड शेजारी असले की भलताच वाचला जातो, हे अशाच एका शेजारणीमुळे कळले. आता माहितीचा कोड मागच्या बाजूस गेला आहे.

छापखान्याचे ते गृहस्थ पहिल्या वेळी थोडे नाराज झाले. "एवढा अविश्वास?" असे म्हणाले. मी म्हटले, "भाऊ, चकलीचा पहिला घाणा मोडून पाहिल्याशिवाय मी दुसरा सोडीत नाही, तिथे माझा स्वतःवर तरी कुठे विश्वास असतो?" ते हसले. आता २५ प्रती न मागता पाठवितात.

येथे टेबलावर दोन बरण्या ठेवल्या आहेत. एकीवर मरून लेबल आहे, एकीवर नवे. सभा संपली की फोन लावून पाहा. भाजणीच्या पिशव्यांचे नमुने येत्या मंगळवारी दुपारी माझ्याकडे येणार आहेत. ज्यांचे फोन जुने आहेत त्यांनी अवश्य यावे. नव्या फोनवाल्या पुष्कळ आहेत.