नोकरीतलं शिक्षण, मोबाइलवरचं



विम्याचा एजंट व्हायचं तर आधी ठरावीक तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागायचं. २००० सालच्या नियमांत ते १०० तासांचं होतं, पुढे ५० तासांवर आलं. सुरुवातीला त्यासाठी वर्गात बसावं लागे. मग ते संगणकावर करायची सोय झाली आणि एक गंमत झाली. माणूस किती शिकला हे संगणकाला कळत नव्हतं, पण किती वेळ लॉग-इन होता हे मात्र मिनिटासकट कळत होतं. त्यामुळे पडद्यावर धडा उघडा आणि होऊ घातलेला एजंट बाजारात! घरात जो मोकळा असेल, भाचा म्हणा, बायको म्हणा, तो अधूनमधून येऊन ‘नेक्स्ट’ दाबून जायचा. ज्यांनी हे केलं ते आज हसत हसत सांगतात.

मला आज बोलायचंय ते याच प्रकारच्या शिक्षणाबद्दल. शाळा-कॉलेजांचं ऑनलाइन शिक्षण नव्हे, तर कंपन्या, बँका, कारखाने आपल्या माणसांना पडद्यावरून देतात ते. भारतात, ब्राझीलमध्ये, इंडोनेशियात ते झपाट्यानं पसरलं. का पसरलं, असं विचारलं की लोक २०१६ साली जिओनं स्वस्त केलेल्या डेटाकडे आणि २०२० च्या कोविडकडे बोट दाखवतात. तेही खरंच. पण मला वाटतं, मालकांना यात दोन गोष्टी एकदम मिळाल्या. शिकवल्याचा पुरावा मिळाला आणि शिकण्याचा वेळ नोकरदाराच्या खिशातून काढता आला.

पुराव्याचं आधी बघू. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये यासाठीचा कायदा २०१३ साली आला. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती नेमायची, कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे, ही मालकाची जबाबदारी. आता ज्या फायनान्स कंपनीच्या शंभर गावांत शाखा आहेत, तिनं प्रशिक्षक कुठे कुठे पाठवायचे? मग अर्ध्या-पाऊण तासाचा कोर्स येतो. केवायसी, मनी लाँडरिंग, सायबर सुरक्षा, सगळ्यांचं तेच. तपासणीला कुणी आलं की यादी काढून पुढे ठेवायची: नाव, तारीख, गुण आणि शेरा ‘कम्प्लिटेड’.

ही यादी ठेवणाऱ्या यंत्रणेला ऑफिसांत एलएमएस म्हणतात. तिनं आणि कोर्सनं एकमेकांशी कसं बोलायचं याचं एक ठरलेलं प्रमाण आहे, स्कॉर्म नावाचं. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून आलं. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ सालची, आणि ती अजूनही सर्रास चालते. तिच्यातून कोर्स मुख्यतः कळवतो काय? सुरू झाला की संपला, गुण किती, वेळ किती. दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्या माणसाचं वागणं बदललं का, यासाठी तिच्यात रकानाच नाही.

गंमत म्हणजे जगाला असे कोर्स पुरवणाऱ्या उद्योगाचा बराच पसारा आपल्या मुंबई-पुण्यात आहे. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही कंपनी मुंबईत १९९० साली सुरू झाली. २०१८ मध्ये ती एमपीएस या कंपनीनं घेतली. जुने कोर्स ज्यावर चालत ते फ्लॅश ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं, तेव्हा जगभरचे जुने कोर्स एचटीएमएल-फाइव्हमध्ये नव्यानं बांधायचं काम इथल्या अनेक कंपन्यांना मिळालं. म्हणजे परदेशातल्या गोदामात जड खोकं कमरेला इजा न होता कसं उचलावं, हे तिथल्या कामगाराला त्याच्याच बोलीत समजावणारा लेखक पुण्यात बसलेला असतो. त्याच पुण्यापासून तासा-दीड तासावर, चाकणच्या कंत्राटी कामगाराला मात्र इंग्रजी स्लाइड आणि वर हिंदी आवाज मिळाला तरी नशीब. आणि मराठीत होत नाही म्हणावं, तर २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलनं एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम मराठीतून गावोगावी नेलाच की! तिथे संगणकावर धडा असे आणि शेजारी शंका विचारायला माणूसही असे.

आता वेळेचं. बँकेतल्या जुन्या मंडळींना प्रशिक्षण म्हटलं की ट्रेनिंग कॉलेज आठवतं. आठवडाभर वसतिगृहात राहायचं, प्रवासभत्ता मिळायचा, तो आठवडा ड्यूटीत धरला जायचा. वर्गात काहीजण डुलक्याही घेत, ते सोडा. पण रात्री जेवणानंतर लातूरचा माणूस चिपळूणच्या माणसाला सांगे, की आमच्या शाखेत खोटी तारण-कागदपत्रं अशी पकडली. हे शिक्षण कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.

आज तोच विषय मोबाइलवर येतो. काउंटर बंद झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, कल्याण लोकलमध्ये एका हातानं कडी धरून. मार्च जवळ आला की ‘पेंडिंग’ नावांची यादी फिरते आणि शाखाधिकारी वैतागतो. काही ठिकाणी साहेबांचा पासवर्ड क्लार्ककडे असतो. साहेबांचे धडे तोच पुरे करतो. एका परीनं क्लार्कचं ज्ञान वाढतं, हा त्यातला फायदाच म्हणायचा!

शिकवण्याचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न इतर काही देशांनी कायद्यानं सोडवायचा प्रयत्न केलाय. दक्षिण आफ्रिकेत ठरावीक मर्यादेवरच्या मालकांना वेतनखर्चाच्या १ टक्का रक्कम कौशल्य-निधीत भरावी लागते. प्रशिक्षणाचा आराखडा आणि अहवाल दिला तर त्यातली काही परत मिळते. ब्राझीलमध्ये १९४२ पासून चालणारी ‘सेनाई’ ही संस्था उद्योगांच्या वेतनावरच्या अशाच आकारणीवर उभी आहे. इंडोनेशियानं तर २०२० साली ‘प्राकर्जा’ कार्ड काढलं: ऑनलाइन कोर्स पुरा करा, सरकार तुमच्या खात्यात पैसे टाकेल. या योजनांतही पळवाटा आहेत, कागदी घोडे आहेत. तरी शिकण्याचा खर्च एकट्या शिकणाऱ्यानं सोसायचा नाही, एवढं त्यांनी मान्य केलं.

आपल्याकडे सरकारनंच आपल्या माणसांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केलं. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी, पाच वर्षं, ५१०.८६ कोटी रुपये. भागाकार करून बघा: माणशी अकराशेच्या आसपास, पाच वर्षांत मिळून. एवढ्यात ट्रेनिंग कॉलेजातला एक दिवसही निघणार नाही. पडदा स्वस्त पडतो, यात वाद नाही. पण वाचलेल्या पैशातून शिकणाऱ्याला कामाचा एक तास मोकळा मिळाला का, हे मी ज्याला ज्याला विचारतो तो नुसता हसतो.

शिकवणं ही मालकाची जबाबदारी, हे आपल्या कायद्यालाही नवं नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कामगाराला सुरक्षेचं प्रशिक्षण, शक्यतो कारखान्यातच, मिळवण्याचा हक्क तिनं दिला. हक्क म्हणजे रात्री घरी बसून उरकायचा गृहपाठ असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नसणार.

आणि चांगली पद्धत शोधायला लांब जायलाच नको. अनेक कारखान्यांत, बांधकामांवर शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटांची ‘टूलबॉक्स टॉक’ होते. सुपरवायझर माणसांना गोळा करतो, आज उंचीवर काम आहे, बेल्ट असा लावा, म्हणून एकाला लावून दाखवतो. विजेच्या आगीवर पाणी मारू नका हे मोबाइलवरचा व्हिडिओ उत्तम सांगेल. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायला मात्र हातात सिलिंडर लागतो. व्हिडिओ या दहा मिनिटांना जोडून, मराठीत, शिफ्टमध्येच दाखवता येईल. त्यासाठी नवं ॲप लागत नाही. शिफ्टच्या तक्त्यात अर्धा तास लिहावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासात लाइन बंद राहणार हे प्रॉडक्शन मॅनेजरला मान्य करावं लागतं.