गाळण्यात राहिले त्याचे काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी व समाजबांधव यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला उपयोजित रसायनशास्त्र कशासाठी, हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना पडतो. यंत्र, स्थापत्य किंवा संगणक शिकायला आलेल्या मुलाला पाण्यातील क्षार मोजण्याशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटते. या विषयात पाण्याचे प्रकरण बहुधा आरंभीच येते. जैन कुटुंबातील मुलालाही पहिला धडा पाण्याचाच मिळतो. पाणी गाळून प्यावे, दुहेरी जाड कापडातून गाळावे आणि गाळलेले पाणी एका मुहूर्तानंतर, म्हणजे 48 मिनिटांनंतर, पुन्हा गाळावे, हे आपण घरातच शिकतो. या दोन धड्यांचे नाते आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रथम कापडाचा विचार करू. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील 65 खेड्यांत एक प्रयोग केला. जुन्या साडीची किमान चार पदरी घडी करून स्त्रियांनी तिच्यातून पिण्याचे पाणी गाळले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा गावांत कॉलऱ्याचे रुग्ण सुमारे 48 टक्क्यांनी कमी झाले. आपला आचार जीवदयेसाठी आहे, आरोग्य हे त्याचे आनुषंगिक फळ. तरीही साध्या कापडाचे हे सामर्थ्य ध्यानी घेण्याजोगे आहे.

परंतु कापडाला मर्यादाही आहे. पाण्यात तरंगणारे ते अडवू शकते. विरघळलेले अडवू शकत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या विरघळलेल्या क्षारांमुळे पाणी जड होते. त्यांपैकी बायकार्बोनेट क्षार उकळल्यावर विघटित होतात आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. क्लोराइड व सल्फेट क्षार मात्र उकळूनही पाण्यातच राहतात. कारखान्यातील बॉयलरमध्ये हाच थर नळ्यांच्या आत बसला, तर उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, इंधन वाया जाते आणि नळी तापून फुटण्याचाही धोका असतो. प्रयोगशाळेत ईडीटीएचे थेंब टाकता टाकता द्रावणाचा लालसर रंग निळा होतो, तेव्हा विद्यार्थी हा अदृश्य क्षारच मोजत असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या आचारात पाणी गाळल्यावर कार्य संपत नाही. गाळण्यात राहिलेले जीव, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, हळुवारपणे परत सोडावयाचे असतात. यालाच आपण जीवाणी म्हणतो. 'मला स्वच्छ पाणी मिळाले' एवढ्यावर समाधान न मानता, 'गाळण्यात राहिले त्याचे काय?' असा प्रश्न विचारणारा हा आचार आहे. रसायनशास्त्रातील द्रव्य-अक्षय्यतेचा नियमही याच प्रश्नाकडे नेतो. द्रव्य नाहीसे होत नाही. आपण ते केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो.

जड पाणी मृदू करणारे यंत्र पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात सोडियम देते. काही काळाने त्याची शक्ती संपते. मग ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते आणि धरलेला सारा कॅल्शियम उरलेल्या मिठासह गटारात जातो. घरगुती आरओ यंत्रे एका लिटर पेयजलामागे अनेकदा दोन-तीन लिटर अधिक क्षारयुक्त पाणी बाहेर टाकतात. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत एकूण विरघळलेले क्षार स्वीकारार्ह आहेत. अनेक घरांत पाण्याची तपासणी न करताच यंत्र बसविले जाते, म्हणजे गरज नसताना पाणी सांडले जाते.

हाच प्रश्न नदीकाठी अधिक गंभीर होतो. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत वाहणारी पंचगंगा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्याकडील तापमानाला एक लिटर स्वच्छ पाणी जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना हा प्राणवायू वापरला जातो. तो संपला की मासे तडफडून मरतात. त्यांच्यावर कोणी शस्त्र चालविलेले नसते. म्हणूनच नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी लिटरला 30 मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी सर्वसाधारण मर्यादा घातलेली आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. हिपॅटायटिस ई हा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो आणि कोणत्याही कापडात तो अडकत नाही.

वस्त्रोद्योगाशी संबंधित बांधवांनी तमिळनाडूतील तिरुपूरचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. सुती कापड रंगविताना मोठ्या प्रमाणात मीठ लागते. रंग काढता आला तरी विरघळलेले मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही. ते नोय्यल नदीत आणि तेथून शेतांत गेले. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर पाणी पुन्हा वापरण्याची आणि मीठ वेगळे काढण्याची व्यवस्था तेथे उभी करावी लागली. नदीची काळजी न घेणारा व्यवसायही टिकत नाही, हा त्याचा बोध आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या प्रयोगशाळेतही हा प्रश्न आहे. सांडपाण्याची सीओडी चाचणी करताना डायक्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल आणि पाऱ्याचा क्षार वापरतात. प्रदूषण मोजून झाल्यावर पारा आणि क्रोमियम असलेले ते द्रावण मोरीत ओतले, तर मोजणाराच प्रदूषण करणारा ठरतो. ते वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचरा म्हणून सोपविले जाते का, हे आपल्या शिक्षकांना नम्रपणे विचारा.

मुनिधर्मातील पाच समितींमध्ये शेवटची उत्सर्ग समिती आहे. टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी, याचा विवेक साधनेचा भाग मानणारी ही परंपरा आहे. श्रावकाला ती मुनींइतकी पाळता येणार नाही. पण त्याच्या कारखान्याला, शेताला आणि स्वयंपाकघराला तिचा अंश निश्चित लागू पडतो. घरी पाणी गाळून पिणाऱ्याने रात्री कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात सोडले, तर त्याच्या घरच्या गाळण्याला काय अर्थ उरला? हे कटू असले तरी आपण एकमेकांना विचारलेच पाहिजे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मोठे संकल्प होतात. माझी विनंती लहान आहे. प्रत्येकाने घरच्या पाण्याचे क्षार एकदा मोजून घ्यावेत. आरओतून बाहेर जाणारे पाणी फरशी आणि शौचालयासाठी वापरावे. उद्योजकांनी आपल्या सांडपाण्याचा तपासणी अहवाल स्वतः वाचावा आणि या मुलांना तो समजावून सांगण्याची संधी द्यावी. उद्या हीच मुले आपल्या कारखान्यांत अभियंता म्हणून उभी राहतील. झडप उघडण्यापूर्वी 'हे जाते कोठे?' असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर जीवाणीचा आचार त्यांनी पुढे नेला असे होईल.