नवी कोल्हापुरी चावू नये म्हणून



कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातून नवी कोल्हापुरी चप्पल घेतलीत?
मग पहिल्याच दिवशी ती घालून लांब चालू नका.
चावेल!

या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात.
म्हणून सुरुवातीला ते ताठ असतं.
ऊब आणि दाब मिळाला,
की ते हळूहळू पायाचा आकार घेतं.

पहिले काही दिवस
घरातच, थोडा थोडा वेळ घाला.

चपलेचा अंगठा आणि पट्टा जिथे घासतात,
तिथे आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.
तेल थोडंच.
जास्त झालं, तर कातडं सैल पडतं.

चप्पल भिजली, तर सावलीत वाळवा.
उन्हात कातडं तडकतं.



तर पुन्हा सांगते,
थोडा वेळ घाला,
थोडंच तेल लावा,
आणि घाई करू नका.