शट डाउन केलं, पण लॅपटॉप खरंच बंद झाला का?

छत्रपती संभाजीनगरमधून बोलतोय. आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. राहतो सिडकोत, नोकरी वाळूज एमआयडीसीत. तो म्हणतो, "दादा, रात्री ऐंशी टक्के बॅटरी ठेवून शट डाउन करतो, सकाळी कंपनीच्या बसमध्ये उघडला की पन्नास. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. बदलू का?"

थांब मित्रा, पैसे खर्च करायच्या आधी हे ऐक.

नव्वदच्या दशकातले कॉम्प्युटर आठवतात? विंडोज ९५ मध्ये शट डाउन केलं की काळ्या स्क्रीनवर केशरी अक्षरांत सूचना यायची: आता बंद करायला हरकत नाही. मग आपण हाताने बटण दाबायचो. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं स्टँडर्ड आणलं आणि वीज बंद करायचं काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेलं. सोय झाली, पण 'बंद' या शब्दाचे चार-पाच अर्थ झाले. झोप वेगळी, हायबरनेट वेगळं, शट डाउन वेगळं.

त्यात २०१२ मध्ये विंडोज ८ ने फास्ट स्टार्टअप आणलं. तुम्ही शट डाउन म्हणता, तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, डिस्कवरच्या एका फाईलमध्ये जसाच्या तसा जपून ठेवला जातो. सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून लॅपटॉप पटकन सुरू होतो. म्हणूनच एखादा बिघडलेला ड्रायव्हर शट डाउन करून सुधारत नाही, पण रीस्टार्ट केला की सुधारतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

खात्री करायचीय? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली 'अप टाइम' बघा. रोज शट डाउन करूनही तिथे आठ-दहा दिवस दिसले, तर समजून जा.

आता बॅटरीचं. फास्ट स्टार्टअप स्वतः रात्रभर बॅटरी खात नाही, कारण सगळं डिस्कवर लिहिलेलं असतं. पण काही मशीनवर त्याच्यामुळे एखादा ड्रायव्हर नीट बंदच होत नाही. स्क्रीन काळी, आत फॅन किंवा लाइट चालूच. म्हणून पहिला उपाय हाच.

कंट्रोल पॅनल, मग पॉवर ऑप्शन्स. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा, खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा, सेव्ह करा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, बस्स. एकदाच करून बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि शट डाउनवर क्लिक करा.

तरीही फरक नाही पडला, तर बायोसमध्ये दोन गोष्टी बघा: लॅपटॉप बंद असताना यूएसबीतून मोबाईल चार्ज करायची सोय, आणि वेक ऑन लॅन. दोन्ही बंद करा.

आणि झाकण नुसतं मिटून बॅगेत टाकणाऱ्यांनो, ते शट डाउन नाही, ती झोप आहे. नवीन लॅपटॉपमध्ये या झोपेतही नेट, अपडेट चालू राहू शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, पुण्याच्या बसमध्ये, बंद बॅगेत तो तापलेला निघतो तो यामुळे. प्रवासाला निघताना शट डाउन किंवा हायबरनेट करा.

इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी खास: विंडोजसोबत उबुंटू टाकलं असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून जबरदस्तीने काही लिहिलं, तर डेटा खराब होऊ शकतो. सबमिशनच्या आठवड्यात हे परवडणारं नाही.

आता बॅटरी बदलायची की नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडा, लिहा: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. एक फाईल तयार होईल, कुठे ते तिथेच दिसेल. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर दुकानदार बरोबर आहे, बदलून टाका. दोन्ही जवळपास असतील, तर आधी वरची सेटिंग बदला. मग चार्जर काढून, पूर्ण बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी टक्के बघा. एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो, तीसचा नाही. सेटिंग बदलूनही तीस टक्के जात असतील, तर दोष बोर्डात असू शकतो, आणि मग नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही.

वाळूजवाल्या मित्रा, रिपोर्टमधले ते दोन आकडे मला पाठव. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटू मंडळी.