मनाचं दुखणं अंगावर काढू नका
(शताब्दी सप्ताहात दुपारच्या वेळी बोललो ते नातवानं लिहून काढलं)



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून प्रत्येकानं दोन शब्द बोलावेत असं ठरलं. कुणी जुन्या विणेकऱ्यांच्या आठवणी सांगितल्या, कुणी बैलगाडी जाऊन ट्रक कसा आला ते सांगितलं. मला म्हणाले, बुवा, तुम्ही नामाच्या महिम्यावर बोला. नामाचा महिमा मी चाळीस वर्षं सांगतोय, इथून पुढंही सांगीन. पण आज मला दुसरं बोलायचंय. माझं शिक्षण चौथी, मी काही डॉक्टर नाही. माझ्यावर जे आलं तेवढंच सांगतो.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाज आरती होते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ असतो. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा समाज गपकन शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी गप बसत नाही. तिचा टाळ वाजतच राहतो. मग चोपदार तिच्यापाशी जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात, आणि मगच पुढचं होतं. "सगळा समाज गप बसलाय, तुम्हीच का वाजवताय?" असं म्हणून कुणी त्या दिंडीला दटावत नाही.

मी ही आरती तीस वर्षं बघत आलो. आणि माझ्याच दिंडीतल्या एका पोराचा टाळ मला ऐकू आला नाही.

सात वर्षं झाली त्याला. वेळापूरचा मुक्काम होता. पंगत उठली, आम्ही चौघं-पाचजण पालात पान लावत बसलो होतो. आपल्यातला एक टाळकरी, पंचविशीतला, जवळ येऊन बसला. म्हणाला, "बुवा, झोप येत न्हाई. भजनात हुबा ऱ्हातो पण आत काहीच वाटत न्हाई. घरी परत जाऊच वाटत न्हाई." मी काय म्हणालो? "नाम कमी पडतंय तुझं. गळ्यात माळ घातलीस, मनात घालायची ऱ्हायली." वाक्य चांगलं जमलं होतं. बसलेले हसले. पोरगं "व्हय बुवा" म्हणालं आणि उठून गेलं. पंढरपुरात त्यानं आपला टाळ दिंडीच्या पेटीत ठेवला, पुढच्या साली न्यायला आला नाही. मीही चौकशी केली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी पाळी आली. काढणीला आलेलं सोयाबीन पावसात उभ्या उभ्या कुजलं. त्याच महिन्यात धाकट्या भावानं वाटणी मागितली. अशा गोष्टी शेतकऱ्याच्या घरात होतातच, मी काही नवा नव्हतो. पण रात्री तीनला डोळा उघडायचा तो परत मिटायचा नाही. भाकरी मातीसारखी लागायची. एका गावी कीर्तनाला उभा राहिलो, अभंगाचं पहिलं चरण म्हटलं आणि पुढचं आठवेना. लहानपणापासून पाठ असलेला अभंग! टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं. घरी आलो आणि घसा बसलाय म्हणून पुढची सगळी कीर्तनं मोडली. रात्री गोठ्यात झोपायला लागलो.

दुखण्यापेक्षा लाज मोठी होती. माळकरी माणूस, बुवा म्हणून लोक पाया पडतात, आणि आपल्यालाच असं होतंय म्हणजे चाळीस वर्षांची सेवा खोटी. हरिपाठ दुप्पट केला. ओठ हलायचे, आत कोरडं. त्या पोराला जे बोललो तेच आता स्वतःला बोलत होतो, नाम कमी पडतंय म्हणून. पाव्हण्यांनी देवऋष्याकडं नेलं, त्यानं कोंबडं सांगितलं. माळकऱ्याला कोंबडं! तिथून मात्र मी उठून आलो, तेवढं भान होतं.

ज्ञानोबारायांची ताटीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या बोलण्यानं मन दुखलं, तेव्हा प्रत्यक्ष माउली दार लावून आत बसले. ताटीचे अभंग आपण म्हणतो, पण एवढ्या मोठ्या ज्ञानियालाही एक दिवस दार लावून बसावंसं वाटलं, हे आपण कधी मनावर घेत नाही. आणि धाकट्या मुक्ताईनं काय केलं? दार मोडलं नाही, बाहेर उभी राहून बोलत राहिली. आमच्या कारभारणीनं तसंच केलं. ती रोज संध्याकाळी गोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, शेंगा फोडायची, बोलायची. एक दिवस तिनं सरळ विचारलं, "अवं, मरायचं मनात येतं का तुमच्या?" मला रडूच फुटलं. हो म्हणालो. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो म्हणतात, ते खोटं आहे. माझं तर छातीवरचं ओझं उतरलं. तिनं त्याच रात्री फवारणीची औषधं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली थोरल्याकडं दिली. दुसऱ्या दिवशी आशाताईला गाठलं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा वेगळा विभाग असतो, हे मला साठीत कळलं. गावात सांगितलं डोळे दाखवायला चाललोय. डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड कमी असलं तरी माणूस असा मरगळतो म्हणाले. ते ठीक निघालं. मग म्हणाले, "बुवा, हे नैराश्य आहे, आजार आहे. साखर वाढली असती तर भक्ती कमी पडली म्हणाला असता का?" गोळ्या दिल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. मी शहाणा! दोन महिन्यांत बरं वाटलं, एका पाव्हण्यानं "सवय लागंल" म्हणून भरवलं, आणि बंद केल्या. महिन्यात परत गोठ्यात. पुन्हा जाऊन शिव्या खाल्ल्या, पुन्हा सुरू केल्या. पुढं डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. एकादशीचंही त्यांनाच विचारून घेतलं. फराळावर गोळी चालते.

तिथं एक समुपदेशक बाई होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. चाळीस वर्षं मी बोलतोय आणि लोक ऐकतात, तिथं उलटं झालं. पहिल्या दिवशी त्या पाऊण तास फक्त ऐकत होत्या. घरी येताना मला गीतेचा पहिला अध्याय आठवला. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं, आणि त्या सबंध अध्यायात भगवंत एखादं वाक्य बोलतात. त्यानंतर अर्जुनाचंच बोलणं. आधी त्याला बोलू दिलं, मग गीता सांगितली. मी त्या पोराला एक मिनिट दिलं नव्हतं.

बाईंनी वही घालायला सांगितली. रात्री तीनला जो विचार येतो तो लिहायचा, आणि सकाळी ऊन पडल्यावर वाचायचा. "सगळं संपलं" असं मी लिहिलेलं असायचं. सकाळी बाई विचारतात तसं स्वतःला विचारायचं: काय काय संपलं? सोयाबीन गेलं. विहिरीला पाणी आहे, दोन म्हशी आहेत, नातू आहे. आणखी एक त्या विचारायच्या, "हेच दुसरा शेतकरी तुमच्याकडं घेऊन आला तर त्याला काय सांगाल?" दुसऱ्याला आपण इतकं कडू बोलत नाही जितकं स्वतःला बोलतो. (मी बोललो होतो, ते सोडा.) आणि मन लागायची वाट न बघता रोज एक छोटं काम करायचं. तुळशीला पाणी, म्हशीला वैरण, बांधापर्यंत जाऊन येणं. पहिले पंधरा दिवस ओढून-ताणून केलं. मग पाय आपोआप निघायला लागले.

आता रोजचं सांगतो. झोपायची वेळ एकच. चारनंतर चहा नाही, तंबाखू सोडली. सकाळचं ऊन अंगावर घेतो. जीव घाबरला की श्वास सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. हरिपाठ आहेच, पण आता तो एकट्यानं करत नाही, देवळात चौघांत बसून करतो. नामानं मला धीर दिला, नाही कसं म्हणू? पण गोळीचं काम गोळीनं केलं आणि बाईंचं काम बाईंनी केलं.

दिंडीच्या मंडळींना माझं मागणं आहे. झोप, भूक, कामातलं मन दोन आठवडे गेलेलं दिसलं, तर त्या माणसाला दवाखान्यात न्या. बाळंतीण गप-गप झाली, रडायला लागली, तर बाहेरची बाधा म्हणू नका, तोही आजार असतो आणि बरा होतो. रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर सरकारचा 14416 हा फोन आहे, 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आपल्या ट्रकच्या फळीवर अँब्युलन्सच्या नंबराखाली हा नंबर लिहून घ्या. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, मग घरात आजारी असो नसो.

बरा झाल्यावर मी त्या पोराच्या घरी गेलो. पाच वर्षं लागली मला. तो पुण्याला कंपनीत होता, सुट्टीला आलेला. आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतोच, मी वाकलो तर तो मागं सरला. त्याच्या आईनं चहा टाकला. म्हणाला, "बुवा, तुमी बोललात ते मला खरं वाटलं. म्हणून दोन वरीस कुणालाच बोललो न्हाई. मग कंपनीतल्या मित्रानं डॉक्टरकडं नेलं." मला काही उत्तर सुचलं नाही. निघताना विचारलं, वारीला येतोस का? "बघू" म्हणाला.

त्याचा टाळ अजून आपल्या पेटीत आहे. दोरी कुजली होती, ती मी परवा नवी घातली.

रामकृष्ण हरी.